सांगितल्या भावाने

काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजारात बन्सी हेडीइतका हाताचा जाणकार दुसरा नाही, असं बन्सीचं स्वतःचं मत होतं, आणि ते खोडून काढायला आजवर कोणी पुढं आलं नव्हतं. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. त्याचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि आतल्या आत एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा दाबला की पाच. भोवती कितीही बघे उभे असोत, आतला भाव त्या दोघांनाच ठाऊक. पटला तर उपरणं झटकून टाळी द्यायची. एकदा टाळी पडली की मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. पटला नाही तर हात सोडायचा आणि उठायचं.

बन्सीच्या दोन गोष्टी सगळ्या श्रीगोंदा तालुक्याला माहीत होत्या. एक म्हणजे दिलेली टाळी त्यानं कधी मोडली नव्हती. दुसरी म्हणजे कोणी कौतुक करायला लागलं की तो सावध व्हायचा. बाजारात दुसऱ्याच्या जनावराचं कौतुक फुकट कोण करतो? जो करतो त्याची दलाली कुठंतरी ठरलेली असते. ह्या एका सूत्रावर बन्सीनं वीस-बावीस वर्षं धंदा केला, आणि सूत्र कधी चुकलं नाही. म्हणूनच पुढं रंगनाथ मास्तरांच्या बाबतीत त्याची पंचाईत झाली.

रंगनाथ मास्तर गावच्या हायस्कुलात इंग्रजी आणि भूगोल शिकवत. एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर संस्थेनं त्यांना पुण्याला कसल्याशा शिबिराला धाडलं आणि ते परत आले ते 'करिअर मास्तर' होऊन. पोरांचा कल ओळखायचा आणि त्यांना धंद्याची वाट दाखवायची, असं हे काम. मास्तरांनी अकरावीच्या वर्गात एक मोठा तक्ता लावला. त्यावर इंजिनियर होते, वैमानिक होते, दंतवैद्यही होते. ह्यातला एकही प्राणी काष्टीच्या पोरांनी जवळून पाहिला नव्हता. 'तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?' असं मास्तरांनी विचारलं तेव्हा पोरांनी पाहिलेलं तेवढंच सांगितलं. तिघांना तलाठी व्हायचं होतं, कारण तलाठ्याला सगळे चहा पाजतात. निम्म्या वर्गाला मिलिटरीत जायचं होतं, कारण बांगलादेशची लढाई नुकतीच जिंकलेली. गोरक्ष नावाच्या पोराला एस.टी.चा कंडक्टर व्हायचं होतं. ते तिकिटाला भोक पाडायचं चिमट्यासारखं यंत्र त्याला फार आवडायचं. आणि मुलींच्या बाकावरून बन्सी हेडीची मनकर्णा उठली आणि म्हणाली, "जनावरांची डॉक्टर."

वर्ग इतका हसला म्हणतात की शेजारच्या वर्गातले मास्तर बघायला आले.

बन्सीला हे कळलं बाजारात. एका बैलाच्या तोंडात हात घालून तो दात बघत होता, तेवढ्यात पलीकडचा हेडी ओरडला, "बन्सी, दात कशाला बघतो? पोरीला बोलाव की! डाक्टरीन व्हनार हाय म्हनं बैलांची!" सगळे खदाखदा हसले. बन्सीही हसला. बाजारात हसण्यावारी न्यायची त्याला सवय होती. पण त्या दिवशी त्यानं बैल जरा महाग घेतला, यावरून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं हे दिसतं.

तसं पाहिलं तर ह्या खुळाला पाणी त्यानंच घातलं होतं. मनकर्णा लहानपणापासून त्याची भाकरी घेऊन बाजारात यायची आणि त्याच्या शेजारी बसून जनावरं बघायची. खोड ओळखण्यात ती बापाच्या तोडीची झाली होती. फरक एवढाच की बापाला खोड सापडली की तो भाव पाडायचा, आणि पोरीला सापडली की ती का झाली ह्याच्या मागं लागायची. दोन वर्षांमागं बन्सीनं एक लंगडा बैल मातीमोल भावात घेतला. मनकर्णेनं त्याचा खूर धरून बसून आतला खडा शोधला. श्रीगोंद्याहून गुरांचे डॉक्टर आले होते, त्यांनी तिलाच पाय धरायला लावला, जखम धुवून दाखवली आणि पू कसा होतो ते समजावून सांगितलं. बैल महिन्याभरात नीट चालायला लागला आणि बन्सीनं तो दुपटीच्या वर विकला. तेव्हा त्यानं पोरीला नव्या बांगड्या घेतल्या आणि चार जणांत तिचं कौतुक केलं. तेव्हापासून डॉक्टर गावात आले की ती त्यांच्या मागं असायची, आणि बन्सी म्हणायचा, जाऊ द्या, धंद्याच्या उपेगाचं हाय.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं विचारलं, "वर्गात काय म्हनालीस तू?"

"म्हनलं खरं," मनकर्णा गोठ्यात कडबा तोडत होती ती तोडतच राहिली. "गुर्जींनी इचारलं, मी सांगितलं."

राहीबाईनं, तिच्या आईनं, चुलीपाशी कपाळाला हात लावला. "अगं, बैलांच्या मागं हिंडनाऱ्या पोरीला करून कोन घेनार?"

"करून घेनारा बघितलाय म्या," बन्सी म्हणाला. "आढळगावच्या आबासाहेबांचा थोरला. पाटाखालचं रान हाय, दावनीला आठ बैलं हायती. मागल्या बाजारी टाळी दिली. परीक्षा झाली की वैशाखात उरकायचं."

हे दोघींनाही नवीन होतं. राहीबाई आधी रागावली आणि मग आठ बैलांचा विचार करून गप्प झाली. मनकर्णा आधीपासून गप्पच होती. तिनं कडबा गव्हाणीत टाकला, हात झटकले आणि आत गेली. ती काही बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं बन्सीनं धरलं. बाजारात गप्प बसलेला माणूस कबूल झालेला नसतो, तो अजून भाव करत असतो, हे त्याला दुसऱ्या कोणाच्याही बाबतीत झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

पुढच्या शनिवारी बाजार उलगत आला होता. जनावरं पांगली होती, धूळ खाली बसत होती. बन्सी लिंबाखाली आपल्या जागेवर बसला होता आणि भोवती दोन-तीन हेडी तंबाखू मळत होते. तेवढ्यात रंगनाथ मास्तर सायकल हातात धरून शेणातून वाट काढत आले. सकाळची शाळा करून आलेले, पँटच्या पायाला सायकलचे चिमटे तसेच.

"बन्सीराव," मास्तर उभ्यानंच म्हणाले, "तुमची मुलगी लाखात एक आहे."

बन्सी लगेच सावरून बसला. आला दलाल, त्याच्या मनात आलं. "बसा की गुर्जी," तो म्हणाला, आणि मास्तर पोत्यावर बसल्याबरोबर त्यानं आवाज खाली आणला. "कंच्या कालेजाचं काम करता तुमी?"

"म्हणजे?"

"दलाली कोन देतं म्हनतो मी. पोरगं धाडलं की मागं काय मिळत आसंल की. सांगा, मी कुनाला बोलनार न्हाई."

मास्तर आधी हसले. मग हा माणूस खरंच विचारतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. "अहो, मला कोण काय देणार? मुलीचा कल आहे. गणित चांगलं, शास्त्र चांगलं. नगरला कॉलेजात दोन वर्षं, तिथं मुलींचं वसतिगृह आहे. मग मुंबईला गुरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात चार वर्षं. फीला सवलत मिळेल. मी त्यांना पत्र घालून विचारलं, मुली चालतील का म्हणून. मुली नकोत असा नियम कुठं नाही, म्हणाले."

"सहा वर्सं!" बन्सी म्हणाला. "सहा वर्सांत गाय चार वेतं देती, गुर्जी."

हेडी हसले. बन्सीला जोर आला. मास्तरांनी सांगायचा भाव सांगितला होता, आता घ्यायचा भाव काढायला हवा होता. त्यानं सवयीनं उपरणं मास्तरांच्या हातावर टाकलं, आत हात घातला आणि दोन बोटं धरली. दोन वर्षं, नगरपर्यंत, पुढचं पुढं.

मास्तरांचा हात उपरण्याखाली मेलेल्या बेडकासारखा पडून राहिला. "काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं. "हाताला काही लागलंय का माझ्या?"

आता तर हसणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना कोणीतरी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी हात काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही हो, सहाच वर्षं लागतात. त्यात कमी-जास्त होत नाही."

बन्सीचं हसू तिथंच थांबलं. भर बाजारात मोठ्यानं भाव सांगणारा एक तर वेडा असतो, नाहीतर त्याला सौद्यात काही मिळायचं नसतं. मास्तर वेडे नव्हते. म्हणजे हा माणूस सायकल ढकलत, शेण तुडवत, नुसतं पोरीचं कौतुक करायला आला होता. फुकट!  बावीस वर्षं जपलेलं सूत्र असं डोळ्यांसमोर मोडलं की माणसाला राग येतो, तसा त्याला मास्तरांचा रागच आला.

"जमायचं न्हाई," तो म्हणाला. "आबासाहेबांना टाळी दिलीय म्या."

"तात्या."

मनकर्णा लिंबाच्या मागं उभी होती. भाकरी घेऊन आली होती आणि गठुळं बुंध्याशी ठेवून सगळं ऐकत होती. ती पुढं आली आणि मास्तर उठले त्या पोत्यावर बापासमोर बसली. "गुर्जी मालक न्हाईत. त्यांच्यासंगं कसला सौदा करता? माल माझा हाय. माझा हात धरा." आणि तिनं हात पुढं केला.

तंबाखू मळणारे हात थांबले. काष्टीच्या बाजारात बाईमाणसाचा हात उपरण्याखाली कधी गेला नव्हता. विधवा बाया बैल विकायला येत, पण त्यांच्या वतीनं दीर नाहीतर भाऊ हात घालायचा. एक म्हातारा हेडी म्हणाला, "बन्सी, पोरीला घरी धाड." बन्सीनं तसं केलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण पुढं आलेला हात नाकारणं म्हणजे समोरच्याची लायकी काढणं, आणि ते बन्सीनं दारू प्यालेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीतही केलं नव्हतं. इथं तर पोटची पोरगी होती. त्यानं उपरणं टाकलं.

मनकर्णेनं त्याचा पंजा दाबला आणि वर एक बोट धरलं. सहा.

बन्सीनं एक बोट धरलं. एक वर्ष, नगरला, हौस म्हणून. ती हलली नाही. त्यानं दोन केली. पुन्हा पंजा आणि वर एक. हातावरून माणूस वाचायचा हा बन्सीचा खरा धंदा. गरजवंताच्या तळव्याला घाम येतो. लबाड माणूस बोट धरताना आधी चाचपतो. ज्याला उठून जायचं आहे त्याचाच हात कोरडा असतो. पोरीचा हात कोरडा ठणठणीत होता. त्यात विनवणी नव्हती, घाई नव्हती. बन्सीला तो हात ओळखू येईना आणि त्याचं त्याला भय वाटलं. त्यानं तीन केली. मग चार. समोरचा एक पैसा खाली उतरत नसताना आपणच आपला भाव वाढवत नेणं, हे त्यानं धंद्याला लागल्या वर्षीही केलं नव्हतं. चारवर त्याला स्वतःची शरम वाटली आणि त्यानं हात सोडला.

हात सोडला की सौदा मोडला. मनकर्णेनं वाद घातला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. तिनं उपरणं नीट घडी करून त्याच्या मांडीवर ठेवलं, "भाकरी बुंध्यापाशी हाय" म्हणाली आणि बाजाराच्या बाहेर चालायला लागली. मास्तर सायकल धरून तिच्या मागं निघाले आणि मग तिचं तिलाच जाऊ द्यावं असं वाटून दुसऱ्या वाटेनं गेले.

बन्सी तिच्या पाठीकडं बघत राहिला. लटकं उठणारं गिऱ्हाईक त्याला शंभर पावलांवरून ओळखू येई. ते हळू चालतं, मान कलती ठेवतं, हाक येते का बघतं. मनकर्णा नीट चालली होती. आता ती वैशाखात मुकाट्यानं आढळगावला जाईल, आठ बैलांचं शेण काढील, माहेरपणाला येईल, भाकरी वाढील, तात्या म्हणील. आणि ह्यापुढं कुठल्याही गोष्टीसाठी आपल्यापुढं हात करणार नाही. हे बन्सीला इतकं स्वच्छ दिसलं की बसवेना.

पण तिला हाक मारायची सोय नव्हती. एका जनावराचे दोन सौदे करणाऱ्याला काष्टीत कोणी पाणी विचारत नाही. आधीची टाळी मोडल्याशिवाय दुसरी देता येत नव्हती. बन्सी उठला आणि हौदाकडं गेला. आबासाहेब तिथं बैलांना पाणी दाखवत होते. भारदस्त माणूस, पांढरा पटका, बोलणं मोजकं.

"आबासाहेब," बन्सी म्हणाला, "पोरीची टाळी मी मागं घेतो."

आबासाहेबांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही. "कुनी जास्त दिलं?"

"तसं न्हाई. पोरगी शिकायचं म्हनती."

"माज्या पोरात खोट निघाली का?"

"न्हाई. खोट माज्यात हाय. तिला इचारल्याबिगर टाळी दिली."

आबासाहेबांनी बैलाला पाण्यावरून मागं घेतलं. मग म्हणाले, "टाळी चारचौघांत दिलीस. मोडायची बी चारचौघांत. उद्या लोकांनी म्हनाय नगं, आबासाहेबाच्या पोराला नाकारलं."

हे रास्त होतं. बन्सी हौदाच्या काठावर चढला.  लाज काय असते हे त्याला त्या दिवशी पुरतं कळलं. "ऐका रं," तो ओरडला, "आबासाहेबांचं पोरगं सोन्यासारखं हाय. बन्सी हेडीनं टाळी मोडली. दोस माजा हाय!"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लिंबाखालचे हेडी उभे राहून बघत होते. आबासाहेब बैल सोडवत म्हणाले, "आता तुजा हात ह्या बाजारात कोन धरंल, बन्सी?"

"न्हाई धरला तर न्हाई धरला," बन्सी म्हणाला. बोलायला सोपं होतं. तिथून निघताना त्यानं लिंबाकडं बघितलं नाही.

मनकर्णा पिठाच्या गिरणीपलीकडं, दौंडच्या डांबरी सडकेला लागली होती. बन्सी धोतर सावरत पळाला. वयात आलेल्या पोरीमागं बाप पळतोय हे बघून गिरणीवरच्या बाया बाहेर आल्या. "मनकर्णे!" त्यानं हाक मारली. ती थांबली. तो पोचला तेव्हा त्याला बोलता येईना, नुसती धाप लागली होती.

"सहा," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"सहा वर्सं. सांगितल्या भावानं. आबासाहेबांची टाळी मोडून आलो." त्यानं तळवा उघडा पुढं धरला. "दे टाळी. मन फिरायच्या आत दे."

तिनं टाळी दिली, आणि दिलेला हात तिला काढून घेता येईना. बन्सीनं तो धरूनच ठेवला होता. तिचा सगळा तळवा घामानं भिजला होता, आणि घामात काहीतरी खरखरीत, चिकट होतं. बन्सीनं हात उलटा करून बघितला. चिखल. त्याच्या स्वतःच्या तळव्यालाही तो लागला होता.

त्याला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. घाम समोरच्याला लागू नये म्हणून सौद्याच्या आधी तळव्याला माती चोळायची ही जुन्या हेड्यांची युक्ती. तळवा कोरडा ठणठणीत लागतो.

"माती कवा लावली?" त्यानं विचारलं.

"भाकरी ठिवताना." मनकर्णा आता रडत होती, तोंड पदरात न घालता, लहान पोरीसारखी. "तात्या, तुमी हात सोडला तवा मला वाटलं, संपलं. मागं बघितलं असतं तर तुमाला कळलं असतं. मानेला नुसती रग लागली."

 बन्सीनं हात धोतराला पुसला. बावीस वर्षांत उपरण्याखाली त्याला कोणी फसवलं नव्हतं. ज्यानं फसवलं तो घरातच, त्याच्या हाताखाली तयार झाला होता. उद्यापासून आपला हात कोणी धरो न धरो, हा धंदा पुढं चालवणारं माणूस हेच होतं, आणि त्याला आपण आत्ताच टाळी देऊन मुंबईला घालवलं. ह्याचं त्याला तिथं सडकेवर उभ्या उभ्या फार वाईट वाटलं, आणि अभिमानही इतका वाटला की एस.टी. मागून भोंगा वाजवत होती तरी तो बाजूला झाला नाही.